कापाच्या काळचा कॅमेरा वापरायचा तर

२३ फेब्रुवारी १९४५, दुपारची वेळ. जपानच्या इवो जिमा बेटावरच्या सुरिबाची डोंगराच्या माथ्यावर असोसिएटेड प्रेसचा छायाचित्रकार जो रोझेन्थाल दगड गोळा करत होता. गडी बुटका. नीट दिसावं म्हणून त्याने दगड आणि वाळूचं पोतं रचून उभं राहायला ओटा केला. त्यावर चढून सावरतो न सावरतो तोच डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याला दिसलं, की अमेरिकन झेंड्याची काठी उचलली जातेय. त्याने कॅमेरा वळवला आणि बटण दाबलं. त्या एका फ्रेमला त्याच वर्षी पुलित्झर मिळालं.

या गोष्टीत मला झेंड्यापेक्षा दोन आकड्यांत जास्त रस आहे. शटर (फिल्मवर उजेड किती वेळ पडू द्यायचा) १/४०० सेकंद, अॅपर्चर (लेन्सचं भोक किती उघडायचं; आकडा लहान तितकं भोक मोठं) ८ आणि ११ च्या मधे कुठेतरी. वळून बघेपर्यंत प्रसंग संपणार होता, तिथे आकडे जुळवायला सवड कुठली? ते आधीच लावून ठेवलेले होते.

त्या काळचे कॅमेरे स्वतःहून काहीच करत नाहीत. उजेड मोजत नाहीत, फोकस करत नाहीत, रोल पुढे सरकवत नाहीत. म्हणून ते वापरणारा माणूस सगळं आधी करून ठेवतो आणि वेळ आली की फक्त बटण दाबतो. जुना कॅमेरा घ्यायची हौस असेल तर ही गोष्ट आधी पटवून घ्या, मग खिशात हात घाला. पुढचं सगळं माझ्यासारख्या हौशी माणसासाठी आहे, संग्राहकांसाठी नाही. या क्रमाने गेलात तर पहिला रोल फुकट जाणार नाही. माझा गेला होता, त्याची गोष्ट ओघात येईल.

पायरी १ : घराणं निवडा

युद्धावर गेलेल्या कॅमेऱ्यांची मुख्य चार घराणी.

पहिलं लायकाचं. जर्मनीतल्या वेट्झलार गावी लाइट्झ कंपनीत ऑस्कर बार्नाकने चित्रपटाची ३५ मिमी फिल्म आडवी धरून २४ बाय ३६ मिलिमीटरची फ्रेम पाडणारा छोटा कॅमेरा केला. १९२५ मध्ये तो बाजारात आला. १९३३ च्या लायका थ्रीमध्ये फोकससाठी रेंजफाइंडर (दोन प्रतिमा एकमेकींवर जुळवून अंतर ठरवायची सोय) होता आणि एक सेकंदापर्यंतचे संथ वेगही होते. बर्लिनच्या राइखस्टागवर, म्हणजे जर्मन संसदभवनावर, लाल झेंडा फडकतानाचं सोव्हिएत छायाचित्रकार येवगेनी खाल्देईचं २ मे १९४५ चं चित्र लायका थ्रीवरच काढलेलं आहे. (झेंडा त्याने मॉस्कोहून टेबलावरच्या लाल कापडाचा शिवून आणला होता, आणि एका सैनिकाच्या दोन मनगटांवर दोन घड्याळं दिसत होती त्यातलं एक नंतर खरवडून काढलं. कॅमेरा खोटं बोलत नाही म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.) जुन्या लायकाची अडचण अशी, की फोकस एका खिडकीतून करायचा आणि चौकट दुसऱ्या खिडकीतून बघायची. दोन्ही एकाच खिडकीत यायला १९५४ चा एमथ्री उजाडावा लागला.

कॉन्टॅक्सवाल्यांनी ते १९३६ मध्येच करून टाकलं होतं. ड्रेस्डेनच्या झाइस इकॉनचा कॉन्टॅक्स टू : एकच खिडकी, शटर १/१२५० पर्यंत, आणि कापडी पडद्याऐवजी धातूच्या पट्ट्यांचं, वरून खाली धावणारं शटर, आपल्या दुकानाच्या शटरसारखंच. युद्धछायाचित्रकार रॉबर्ट कापा ६ जून १९४४ ला नॉर्मंडीतल्या ओमाहा किनाऱ्यावर उतरला तो दोन कॉन्टॅक्स टू घेऊन, दोन्हींवर ५० मिमीची लेन्स. दहा वर्षांनी, २५ मे १९५४ ला, इंडोचायनात सुरुंगावर पाय पडून तो गेला तेव्हाही त्याच्याजवळ कॉन्टॅक्स होता. सोबतीला एक निकॉन.

तिसरं रोलिफ्लेक्स. दोन डोळ्यांचा उभा डबा, पोटाशी धरायचा, वरून खाली बघायचं. १२० च्या रोलवर ६ बाय ६ सेंटीमीटरच्या बारा फ्रेम. छायाचित्रकार ली मिलरने युरोपातलं युद्ध याच डब्यातून टिपलं. यात चित्र डावं-उजवं उलटं दिसतं, त्यामुळे धावणाऱ्या माणसाचा पाठलाग करताना पहिले काही दिवस आपण हमखास विरुद्ध बाजूला वळतो. पण एक फायदा असा, की मान खाली घातलेल्या माणसाकडे समोरचे लोक फारसं लक्ष देत नाहीत.

चौथा स्पीड ग्राफिक, रोझेन्थालचा. चार बाय पाच इंचाची सुटी फिल्म. एका होल्डरमध्ये दोनच फिल्म, एक पुढे आणि एक मागे. वजन अडीच-तीन किलोंच्या घरात. दर चित्रामागे होल्डर घाला, शटर चढवा, फिल्म झाकणारी आडवी पट्टी ओढून काढा, चित्र घ्या, पट्टी परत घाला, होल्डर उलटा करा. छायाचित्रकार होमाई व्यारावाला या मुंबईत जे. जे.मध्ये शिकल्या. १९४२ पासून दिल्लीत ब्रिटिश माहिती खात्यासाठी काम करताना त्या साडी नेसून, सायकलवर हे असलं ओझं वागवत फिरायच्या. त्यांच्यापुढे हात जोडावेत. नवशिक्याने या वाटेला जाऊ नये.

कोरियाच्या युद्धात आणखी एक फाटा फुटला. १९५० मध्ये अमेरिकन छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकनने आपल्या लायकावर जपानी निक्कोर लेन्स चढवल्या, त्यांची धार बघून अमेरिकन संपादक चकित झाले आणि जपानी मालाकडे जगाची नजर वळली. पुढे १९५९ चा निकॉन एफ आला आणि व्हिएतनामचं युद्ध बरंचसं त्याच्यातून दिसलं. तो आपल्या विषयाच्या काठावरचा. आरशाचा कॅमेरा (लेन्समधलंच चित्र आरशातून डोळ्याला दिसतं) असल्याने शिकायलाही सोपा.

आता घ्यायचं काय? अस्सल लायकाचा भाव ऐकून बहुतेकांची हौस तिथेच फिटते. त्यावर उतारा सोव्हिएत भावंडांचा. खारकिव्हमधल्या एका कम्यूनमध्ये बेघर मुलांच्या हातून १९३४ पासून लायकाची नक्कल बनू लागली, तिचं नाव फेड. युद्धानंतर क्रास्नोगोर्स्कला झोर्की सुरू झाला. कॉन्टॅक्सची तर यंत्रसामग्रीच युद्धभरपाई म्हणून उचलून कीव्हला नेली आणि १९४७ पासून तिथे ‘कीव्ह’ नावाचा कॅमेरा निघू लागला. तो आतून-बाहेरून कॉन्टॅक्सच.

माझा सल्ला : पहिला कॅमेरा फेड-२ किंवा झोर्की-४. दोन्हींची पाठ पूर्ण निघते, त्यामुळे रोल भरणं सोपं. रिवाइंडच्या, म्हणजे संपलेला रोल मागे गुंडाळायच्या, खुंटीखाली चष्म्याचा नंबर जुळवायची छोटी दांडी आहे. लेन्स ३९ मिमीच्या आट्यांची, म्हणजे उद्या लायकाची किंवा जुन्या कॅननची लेन्स मिळाली तर तीही बसेल. कापाचं वेडच असेल तर कीव्ह-४ए. त्याचा रेंजफाइंडर रुंद, जवळपास नऊ सेंटीमीटरचा, त्यामुळे फोकस फार नेमका. झोर्कीचा जेमतेम चार सेंटीमीटर. पण कीव्हच्या शटरच्या पट्ट्या रेशमी फितींवर लोंबतात. त्या फिती तुटल्या की दुरुस्त करणारा हात शोधता शोधता वर्ष जातं.

पायरी २ : पैसे देण्याआधी दहा मिनिटं

आधी नकली लायकाबद्दल. वर जर्मन गरुड, ‘लुफ्टवाफे’, ‘१९३६ ऑलिंपिक’ असं काही कोरलेलं, सोन्याचा मुलामा, सापाच्या कातड्याचं आवरण… असं दिसलं की हात मागे घ्या. नव्याण्णव टक्के तो फेड किंवा झोर्की असतो, वेष बदललेला. खात्री करायची तर लेन्स फिरवून काढा आणि आत वरच्या बाजूला बघा. लेन्सच्या मागच्या कडेला टेकणारी, रेंजफाइंडर हलवणारी एक छोटी दांडी असते. अस्सल लायकात तिच्या टोकाला गोल फिरणारं चाक असतं. सोव्हिएत कॅमेऱ्यात चाक नसतं, धातूचा घडीव तुकडा असतो. वरचं नक्षीकाम कुणीही करून देईल, पण आतलं चाक बदलायच्या फंदात सहसा कुणी पडत नाही. एका विक्रेत्याने मला असा ‘जर्मन अधिकाऱ्याचा’ कॅमेरा दाखवला होता. मी लेन्स काढून आत बघितलं आणि काही न बोलता परत लावून दिली. त्यानेही काही न बोलता दुसरा कॅमेरा पुढे केला, आणि तोच मी घेतला.

मग शटर. इथे एक नियम अंगात भिनवा : सोव्हिएत कॅमेऱ्यात आधी रोल फिरवायचा, म्हणजे शटर चढवायचं, आणि मगच वेगाची चकती हलवायची. उलट केलंत तर आतली यंत्रणा बिघडू शकते. दुकानदारालाही हे ठाऊक नसतं, त्यामुळे तो चकती फिरवून दाखवायला लागला तर त्याला अडवा.

पाठ काढा, लेन्स काढा, कॅमेरा आकाशाकडे धरा आणि सर्वांत जलद वेगावर बटण दाबा. क्षणभर पूर्ण चौकट सारखी उजळली पाहिजे. एका बाजूला अंधार राहिला तर पडदे अडखळताहेत. प्रत्येक वेग दोन-तीनदा वाजवून बघा. झोर्की-४ मध्ये एक सेकंदाच्या वेगाला आतून घड्याळासारखी घरघर ऐकू येते. ती मधेच दमली तर वंगण सुकलंय.

फेड-झोर्कीच्या शटरचा पडदा रबर लावलेल्या कापडाचा असतो. अंधाऱ्या खोलीत लेन्सच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च धरा आणि मागून बघा. चांदण्यासारखे ठिपके दिसले तर पडद्याला भोकं आहेत. ही भोकं बहुतेक वेळा उन्हानेच पडतात. लेन्स सूर्याकडे ठेवून कॅमेरा टेबलावर राहिला, की ती भिंगासारखी पडदा जाळते. म्हणून टोपण. लहानपणी भिंगाने कागद जाळलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागू नये.

रेंजफाइंडरसाठी दुकानाबाहेर या. मधल्या पिवळसर ठिपक्यात दोन प्रतिमा दिसतात, लेन्स फिरवली की त्या एकमेकींवर सरकतात. लांबचा टॉवर किंवा डोंगर धरा, लेन्स अनंतावर (सर्वांत लांबच्या अंतराच्या खुणेवर) न्या. प्रतिमा तंतोतंत एक झाल्या पाहिजेत. आडव्या अंतरात थोडा फरक असेल तर तो दुरुस्त होतो, पण ठिपकाच दिसत नसेल तर आतला आरसा गेलाय.

शेवटी लेन्स. अॅपर्चर पूर्ण उघडा आणि आरपार टॉर्च मारा. बारीक धूळ चालते. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी.

पायरी ३ : आधी पावसाळ्याशी करार

कॅमेरा घरी आणला की चामड्याच्या खोक्यात घालून कपाटात ठेवायचा मोह होतो. खोकं दिसायला देखणं, पण जून ते सप्टेंबर ते बुरशीचं माहेर असतं. मुंबई, कोकण, गोव्यात तर विचारूच नका. चामडं ओल धरतं आणि लेन्सला देतं. खोकं वेगळं ठेवा. कॅमेरा आणि लेन्स हवाबंद डब्यात, सोबत सिलिका जेल. जेलचा रंग बदलला की मंद आचेवर तापवून पुन्हा कोरडं करून घ्यायचं. तांदळाच्या डब्यात कॅमेरा ठेवायचा उपाय ऐकिवात असेल, तो करू नका, तांदळाची धूळ आत जाते.

शटर चढवलेल्या अवस्थेत महिनोन्महिने ठेवू नये, स्प्रिंग थकते. आणि महिन्यातून एकदा डब्यातून काढून सगळे वेग वाजवावेत. ही यंत्रं वापराने कमी आणि पडून राहिल्याने जास्त बिघडतात.

घरच्या घरी तेल सोडायला जाऊ नका. पडद्याला तेल लागलं की तो कॅमेरा शोभेचा झाला.

पायरी ४ : रोल भरणं

इथे घाई करू नका, निम्मे अपघात इथेच होतात.

आयएसओ (फिल्म उजेडाला किती संवेदनशील आहे त्याचा आकडा) ४०० चा कृष्णधवल रोल घ्या. रंगीत सध्या विसरा. पहिले चार-पाच रोल एकाच जातीचे वापरा, नाहीतर चूक तुमची, कॅमेऱ्याची की फिल्मची हे कळणार नाही.

सावलीत बसा. फेड-२ किंवा झोर्की-४ च्या तळाशी दोन चाव्या आहेत. त्या फिरवल्या की तळ आणि पाठ एकत्र खाली सरकून निघते. रोलचं डबडं डावीकडे बसवा. फिल्मचं निमुळतं तोंड उजवीकडे ओढा आणि रिकाम्या रिळाच्या खाचेत, पट्टीखाली, नीट खोचा. रीळ सुटं निघतं, त्यामुळे हातात घेऊन खोचलं तर जास्त बरं. आता पाठ उघडी असतानाच एकदा फिरवा. दात वरच्या आणि खालच्या, दोन्ही बाजूंच्या भोकांत बसलेले दिसले पाहिजेत. मगच पाठ लावा.

तळातून रोल भरायचा लायका, किंवा जुना फेड, जुना झोर्की असेल तर एक जादा काम : फिल्मचं तोंड कात्रीने आणखी कापून सुमारे दहा सेंटीमीटर लांब करायचं. त्या काळी फिल्म तशीच कापलेली मिळायची, आताच्या रोलचं तोंड आखूड असतं. न कापता कोंबलंत तर फिल्म आत अडते, भोकं फाटतात आणि तुकडे शटरमध्ये जातात. कापताना भोकाच्या मधून कापू नका, तिथूनच ती फाटत जाते.

पाठ लावली. आता डावीकडची रिवाइंडची खुंटी बाणाच्या दिशेने हलकेच फिरवा, ढिली फिल्म ताणली जाईल आणि खुंटी अडेल. मग रोल पुढे फिरवताना त्या खुंटीकडे बघा. ती उलटी फिरली पाहिजे. फिरली तर फिल्म सरकतेय. नाही फिरली तर तुम्ही हवा गुंडाळताय. दोन फ्रेम वाया घालवा, आकडा हाताने शून्यावर आणा, आणि निघा.

आता माझी गोष्ट. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्यात यायची होती, मी नवा कोरा उत्साह आणि जुना झोर्की घेऊन सकाळपासून उभा. टाळ, पताका, तुळशीवृंदावनं, पावसात चमकणारी इरली, सगळं टिपलं. छत्तीसचा रोल चाळिसाव्या फ्रेमलाही संपेना तेव्हा मला आनंद झाला. जास्तीच्या फ्रेम मिळताहेत असं वाटलं! त्रेचाळीसला शंका आली. घरी येऊन बघितलं तर फिल्म रिळाच्या खाचेतून सुटून डबड्याजवळ शांत पडली होती. अख्खी वारी मी डोळ्यांनीच बघितली होती. तेव्हापासून दर चार-पाच फ्रेमनंतर नजर आपोआप त्या खुंटीकडे जाते.

पायरी ५ : उजेड डोळ्यांनी मोजा

स्वच्छ ऊन असेल तर अॅपर्चर १६, आणि शटर म्हणजे फिल्मच्या आयएसओचा व्यस्तांक. पाठ करायचं ते एवढंच. १०० च्या फिल्मला १/१००, ४०० च्या फिल्मला १/५००, कारण जुन्या चकतीवर १/४०० क्वचितच सापडतो.

रोझेन्थालचे आकडे या नियमाला लावून बघा. १०० च्या फिल्मला १/१०० आणि १६ म्हणजेच १/२०० आणि ११, म्हणजेच १/४०० आणि ८. तो ८ आणि ११ च्या मधे होता. भर दुपारच्या उजेडाला हे अगदी जुळतं. जगभर गाजलेलं चित्र आणि तुमचा नवशिक्याचा नियम यांत फारतर अर्ध्या पायरीचा फरक! (उजेडाची एक पायरी म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा.)

४०० ची फिल्म आणि शटर १/५०० धरून चाला, आणि सावल्या वाचायला शिका. सावलीची कडा धारदार असेल तर १६. सावली आहे पण कडा मऊ, तर ११. सावली पडतच नाही पण आकाश उजळ, तर ८. श्रावणातलं भरलेलं आभाळ किंवा इमारतीची सावली, तर ५.६. घरात खिडकीशेजारी बसलेल्या आजी : १/३० आणि २.८ च्या आसपास, कोपर टेबलावर टेकवून. एक आठवडा कॅमेऱ्याशिवाय हा खेळ खेळा. बसस्टॉपवर, ऑफिसच्या जिन्यात, आधी आकडा मनात म्हणा आणि मग मोबाइलच्या मीटरने पडताळा. आठवड्यात बरेच जण एका पायरीच्या आत येतात, आणि कृष्णधवल फिल्म तेवढी चूक पोटात घालते. शंका आली तर एक पायरी जास्त उजेड द्या. निगेटिव्हमध्ये जास्तीचा उजेड सावरता येतो, न पडलेला आणता येत नाही.

फ्लॅशचा नाद सोडा. तेव्हाचे बल्ब एकदाच पेटायचे. १९४६ मध्ये अमेरिकन छायाचित्रकार मार्गारेट बर्क-व्हाइट पुण्यात गांधीजींचं चरख्याजवळचं चित्र घ्यायला आल्या, तेव्हा आधी त्यांना चरखा चालवायला शिकायला लावलं आणि मग फक्त तीन बल्बांची परवानगी मिळाली. गांधीजींना प्रखर उजेड सोसत नसे. पहिले दोन बल्ब वाया गेले, तिसरा लागला. युद्ध बघून आलेल्या, कसलेल्या बाईंची ही गत. खिडकीतून येणारा उजेड फुकट आहे, तो आधी वापरा.

पायरी ६ : अंतर आधीच ठरवा

निवांत चित्रासाठी रेंजफाइंडरच्या दोन प्रतिमा जुळवा आणि बटण दाबा. चेहरा असेल तर डोळ्यावर जुळवा. कीव्ह किंवा कॉन्टॅक्स असेल तर उजव्या हाताची बोटं सांभाळा. रेंजफाइंडरची दुसरी खिडकी अगदी उजव्या टोकाला आहे, नेहमीच्या पकडीत बोट नेमकं तिच्यावर येतं आणि प्रतिमा गायब होते. नवीन माणूस कॅमेरा बिघडला समजून घाबरतो. मधलं बोट वाकवून खिडकीच्या खाली धरायची सवय लावून घ्यावी लागते.

हलत्या गर्दीत मात्र जुळवाजुळव विसरा. लेन्सवर अंतराच्या आकड्यांशेजारी अॅपर्चरच्या आकड्यांच्या दुहेरी रेषा असतात. त्या सांगतात कुठून कुठपर्यंत चित्र स्पष्ट येईल. ५० मिमी लेन्स, अॅपर्चर ८, अंतर ५ मीटर : साधारण साडेतीन मीटरपासून साडेनऊ मीटरपर्यंत सगळं ठीक. ३५ मिमीची लेन्स असेल तर त्याच आकड्यांना अडीच मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत. हे समजलं की खाल्देईने राइखस्टागवर ३५ मिमी का लावली असेल याचा एक अंदाज बांधता येतो.

पाच मीटर म्हणजे किती, हे अंगात मुरायला हवं. घरात टेप लावून मोजा. माझ्या आठ मोठ्या पावलांना पाच मीटर होतात, तुमचं तुम्ही मोजा. बाहेर पडताना लेन्स ५ वर, अॅपर्चर उजेडाप्रमाणे, शटर १/५०० वर, शटर चढवलेलं. आता रस्त्यावर तुमचं काम एवढंच, की समोरचा माणूस पाच मीटरवर येईल असं स्वतः उभं राहायचं. उन्हातून सावलीत शिरलात की त्याच पावलाला अॅपर्चर दोन-तीन पायऱ्या उघडायचं, चित्र घ्यायचं असो वा नसो. ही बोटांची सवय लागायला मला सहा रोल लागले.

चौकट मोकळी ठेवा. जुन्या खिडक्या नेमकं दाखवत नाहीत, त्यातून जवळच्या अंतराला डोकी कापली जातात.

पायरी ७ : रोल काढा आणि धुवा

रोल अडला की जोर लावू नका, फिल्म फाटते. बटणाभोवतीची कडी रिवाइंडवर आणा आणि डावीकडची खुंटी बाणाच्या दिशेने फिरवत राहा. फिल्म रिळातून सुटली की खुंटी एकदम हलकी होते. आणखी दोन वेढे द्या, तोंड पूर्ण आत जाऊ दे. म्हणजे तोच रोल चुकून दुसऱ्यांदा भरला जाणार नाही. डबड्यावर तारीख आणि कॅमेरा लिहा.

पहिला रोल एखाद्या लॅबला धुवायला द्यावा. दुसरा घरी. टोनी व्हॅकारो हा अमेरिकन पायदळातला साधा शिपाई खिशातला आर्गस सीथ्री कॅमेरा घेऊन १९४४-४५ चं युरोप टिपत होता. रात्रीच्या काळोखात सैनिकांची शिरस्त्राणं रांगेत मांडून तो त्यांत फिल्म धुवायचा आणि झाडाच्या फांद्यांना वाळत घालायचा. आपल्याकडे निदान बाथरूम आहे.

काळी पिशवी, टाकी, डेव्हलपर (चित्र उमटवणारं रसायन), फिक्सर (ते पक्कं करणारं), थर्मामीटर. फिल्म टाकीच्या रिळावर चढवायचा सराव जुन्या, वाया गेलेल्या फिल्मवर आधी उजेडात आणि मग डोळे मिटून करा. इलफर्डची एचपी-५ फिल्म डी-७६ डेव्हलपरमध्ये, पाणी न मिसळता, २० अंशांना साधारण साडेसात मिनिटं. आपल्याकडे मे महिन्यात नळाचं पाणी तीस अंशांचं, तिथे २० आणायला बर्फाच्या पिशव्या डेव्हलपरच्या बाटलीभोवती ठेवाव्या लागतात. बर्फ डेव्हलपरमध्ये टाकू नका, तो पातळ होतो. मग पाणी, पाच मिनिटं फिक्सर, आणि भरपूर धुणं.

वाळवताना घाई नको. कापाच्या नॉर्मंडीच्या बहुतेक फ्रेम लंडनच्या डार्करूममध्ये वाळवणीच्या गरम कपाटात वितळल्या, असं अनेक दशकं सांगितलं जायचं. अलीकडे अभ्यासकांनी त्या गोष्टीवर गंभीर शंका घेतल्या आहेत. ते काहीही असो, ओल्या फिल्मवर हेअर ड्रायर मारू नका, सगळी धूळ तिच्यावर चिकटते. बाथरूममध्ये आधी गरम पाणी सोडून वाफ करा, धूळ खाली बसेल, आणि मग तिथेच दोरीला टांगा, खाली चिमटा लावून. पावसाळ्यात रात्रभर.

सकाळी खिडकीशी धरून वाचा. प्रत्येक फ्रेममध्ये त्याच जागी काळा ठिपका दिसतो, म्हणजे पडद्याला भोक. चौकटीची एक बाजू हळूहळू कोरी होत जाते, म्हणजे शटर अडखळतंय. फ्रेम एकमेकींवर चढल्या, म्हणजे रोल फिरवणारे दात घसरताहेत. सगळंच फिकट आहे, तर उजेड कमी पडला किंवा डेव्हलपर थकला. काठावरचे कंपनीचे आकडेसुद्धा उमटले नाहीत, तर चूक धुण्यात आहे. आणि काठावरचे आकडे स्वच्छ काळे आहेत पण मधे छत्तीस वेळा काहीच नाही, तर पायरी ४ मधली ती खुंटी फिरत नव्हती.